परवाना नोकरी देणार नाही, तरीही लेकीला परीक्षेला बसवा

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. मुलगी नववीत, मराठी माध्यमात, औसा तालुक्यातल्या शाळेत. विज्ञानाच्या सरांनी वर्गात सांगितलं की अंतराळवीर शुभांशू शुक्ला यांनी जुलै २०२५मध्ये अवकाश स्थानकावरून हॅम रेडिओवर, म्हणजे परवाना काढून हौसेने चालवायच्या बिनतारी रेडिओवर, बंगळुरूतल्या आणि शिलाँगमधल्या विद्यार्थ्यांशी गप्पा मारल्या. तेव्हापासून तिने ‘मलाही हॅमचं लायसन काढायचंय’ म्हणून घर डोक्यावर घेतलंय. तुम्ही विचारलंत: यातून नोकरी लागते का, खर्च किती, पुढच्या वर्षी दहावी असताना हा नाद आत्ता हवा का, आणि मुलीच्या नावावर सरकारी परवाना, पोलीस चौकशी असं काही मागे लागणार नाही ना. पत्राच्या शेवटी आणखी एक ओळ आहे: ‘आम्ही किल्लारीकडचे. भूकंपाच्या वेळी हे असलं काही होतं का?’ त्या ओळीकडे शेवटी येतो.

आधी नोकरीचं. या परवान्यावर नोकरी लागत नाही. त्याच्या आधारे पैसे कमावायला तर नियमानेच बंदी आहे. हौशी रेडिओवरून धंद्याचे निरोप द्यायचे नाहीत, कुणाचं काम पैसे घेऊन करायचं नाही, गाणी लावायची नाहीत, जाहिरात करायची नाही. परवाना मिळतो तो शिकण्यासाठी, प्रयोग करण्यासाठी आणि आपल्यासारख्याच दुसऱ्या परवानाधारकाशी बोलण्यासाठी. ‘हॅम झालीस की इस्रोत घेतील’ असं कुणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका.

तरीही मी तिला परीक्षेला बसवा असंच म्हणतोय. माझ्याकडे बारावीनंतर येणाऱ्या मुलांत इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकॉम, म्हणजे ईएनटीसी, घेणारी पुष्कळ असतात. त्यांतल्या बहुतेकांनी अँटेना फक्त पुस्तकातल्या आकृतीत पाहिलेली असते. लहर दिसत नाही, त्यामुळे हा विषय नुसता वाचून डोक्यात बसत नाही. चौदाव्या वर्षी जिने स्वतः तार मोजून कापली, पाच सेंटिमीटर जास्त ठेवली तर काय बिघडतं हे पाहिलं, ती मुलगी चार वर्षांनी त्याच वर्गात वेगळ्या डोळ्यांनी बसते. हा फरक मी पाहिलाय, म्हणून एवढ्या ठामपणे लिहितोय.

आता परीक्षेबद्दल. केंद्राच्या दूरसंचार विभागाची बिनतारी नियोजन शाखा आहे, तिला सगळे डब्ल्यूपीसी म्हणतात. तिच्या या परीक्षेचं नाव अमॅच्युअर स्टेशन ऑपरेटर्स सर्टिफिकेट, हॅम मंडळींच्या तोंडी एएसओसी. किमान वय १२ वर्षं, म्हणजे तुमची लेक बसू शकते. अर्ज ‘सरल संचार’ या सरकारी पोर्टलवर भरायचा, केंद्र आणि तारीख तिथेच कळते. श्रेणी दोन: रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. रिस्ट्रिक्टेडला मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची संदेशलिपी, लागत नाही. जनरलला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स ऐकून लिहिता आणि पाठवता यावं लागतं. तिने आत्ता रिस्ट्रिक्टेड द्यावी. जनरल बारावीनंतर सवडीने देता येईल. मोर्स शिकायची हौस असेल तर मात्र टिंब-रेघांचा तक्ता पाठ करू देऊ नका. ‘सी’ म्हणजे ‘डा-डि-डा-डिट’ असं कानानेच शिकायचं असतं. डोळ्यांनी शिकलेला मोर्स पुढे वेग धरत नाही.

पेपरचे भाग दोन, एक रेडिओचं शास्त्र आणि दुसरा नियम. रिस्ट्रिक्टेडला प्रत्येक भागात ४० टक्के आणि एकूण ५० टक्के लागतात. प्रश्न बहुपर्यायी असतात. आकडे पाहून वाटेल की हे आठ दिवसांत उरकेल, आणि घोकंपट्टी केली तर उरकतंही. मी स्वतः बाविसाव्या वर्षी तसंच केलं. जुने प्रश्नसंच पाठ केले, पास झालो, परवाना आला, आणि सेट लावल्यावर तीन महिने मला कुणी ऐकूच शकलं नाही. गच्चीवर टाकलेली तार कितीची असायला हवी याचा हिशेब मला येत नव्हता. उत्तर ‘ब’ एवढंच पाठ होतं. माझ्याकडून गेलेले ते महिने तिचे जाऊ नयेत, म्हणून अभ्यास कसा करायचा ते जरा सविस्तर लिहितो.

तिच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘धाराविद्युत’ नावाचा धडा आहे. सुरुवात तिथूनच करा. ओहमचा नियम, एकसर आणि समांतर जोडणी, हे एएसओसीच्या शास्त्राच्या भागातलं पहिलं पाऊल आहे. दहावीत ‘विद्युतधारेचे परिणाम’ आणि ‘अवकाश मोहिमा’ हे धडे येतात. म्हणजे दहावीच्या भीतीने तुम्ही ज्याला नाद म्हणताय, त्यातला बराचसा भाग दहावीचाच अभ्यास आहे. अडचण भाषेची येईल, कारण तयारीचं साहित्य जवळजवळ सगळं इंग्रजीत आहे. तिला एक दोनशेपानी वही करायला सांगा. डावीकडे पुस्तकातला मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी: विद्युतरोध आणि रेझिस्टन्स, वारंवारता आणि फ्रीक्वेन्सी, तरंगलांबी आणि वेव्हलेंग्थ. पन्नास-साठ शब्दांत परीक्षेची भाषा ताब्यात येते. मराठी माध्यमामुळे ती कुठे कमी पडेल असं मला मुळीच वाटत नाही.

मग लहरींचा हिशेब. तीनशेला मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेने भागलं की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. अवकाश स्थानकावरून बोलणं खाली येतं ते १४५.८ मेगाहर्ट्झवर. ३०० भागिले १४५.८ म्हणजे दोन मीटरपेक्षा किंचित जास्त, म्हणून या पट्ट्याला हॅम लोक ‘टू मीटर’ म्हणतात. अर्ध्या तरंगाची साधी अँटेना, म्हणजे डायपोल, करायची तर तारेचा जाडपणा आणि टोकांचा परिणाम धरून ३००च्या निम्म्याऐवजी साधारण १४३ला भागतात. उत्तर येतं सुमारे ९८ सेंटिमीटर, म्हणजे मधल्या जोडापासून दोन्ही बाजूंना ४९-४९. हेच गणित ७.१ मेगाहर्ट्झसाठी तिच्याकडून करून घ्या. एकूण वीस मीटरच्या आसपास आलं पाहिजे, दोन्हीकडे दहा-दहा. घराच्या कोपऱ्यापासून कडुलिंबापर्यंत एवढी तार तुमच्या अंगणात सहज बसेल. मापं घ्यायला शिंप्याची टेप पुरते. हे एकदा हाताने केलं की पेपरातले अँटेनाचे निम्मे प्रश्न पाठ करावे लागत नाहीत.

ताई, इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. तार टाकताना महावितरणच्या तारांच्या जवळपासही जायचं नाही. आपली तार तुटून त्यांच्यावर पडेल किंवा त्यांची आपल्या तारेवर पडेल, एवढं अंतरसुद्धा चालत नाही. आणि मृगाच्या आधी आभाळ गडगडायला लागलं की सेटची अँटेना काढून ठेवायची. ही शिस्त पहिल्या दिवसापासून लावा. मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय तिने तार वर चढवायची नाही.

नियमांचा भाग मुलांना रुक्ष वाटतो, पण प्रत्येक नियमामागचं कारण विचारलं तर तो गोष्टीसारखा लक्षात राहतो. दर संभाषणात आपली ओळख-खूण, म्हणजे कॉलसाइन, का सांगायची? कारण हवेतला तो पट्टा सगळ्यांचा आहे आणि कोण बोलतंय हे कुणालाही कळलं पाहिजे. गुप्त भाषा का चालत नाही? त्याच कारणाने. भारताची कॉलसाइन व्हीयूने सुरू होते. रिस्ट्रिक्टेडवाल्यांना व्हीयू३ आणि पुढे तीन अक्षरं, जनरलवाल्यांना व्हीयू२. क्यू-कोड, म्हणजे क्यूने सुरू होणारे ठरलेले संक्षेप, मात्र पाठच करावे लागतात: क्यूटीएच म्हणजे ठिकाण, क्यूआरएम म्हणजे दुसऱ्या स्टेशनांचा व्यत्यय, क्यूएसएल म्हणजे पोचलं. संकटाची हाक बोलण्यात ‘मेडे’, मोर्समध्ये एसओएस. घड्याळाचा प्रश्नही येतो. नोंदवहीत जागतिक वेळ लिहितात, ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते.

परवाना हातात येईपर्यंत तिने काय करायचं? ऐकायचं. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा एक रेडिओ-रिसीव्हर इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला आहे. मोबाईलवरून हवी ती वारंवारता लावून जगभरचे हॅम ऐकता येतात, पैसे पडत नाहीत. रोज वीस मिनिटं ऐकून वहीत कॉलसाइन टिपायची सवय लागली तर बोलायची वेळ येईल तेव्हा तिची जीभ अडखळणार नाही.

खर्च. परीक्षेची फी १०० रुपये. परवान्याची वीस वर्षांसाठी १००० आणि आयुष्यभरासाठी २०००. अर्जाच्या दिवशी पोर्टलवरचा आकडा पाहूनच भरा. खरा खर्च सेटचा असतो. हातात धरायचा टू मीटरचा सेट काही हजारांत येतो, पण लांबवर बोलायचा नवा एचएफ (हाय फ्रीक्वेन्सी) सेट घ्यायचा तर आकडा लाखाच्या घरात जातो. तो तुम्ही घ्यावा असं मी मुळीच म्हणणार नाही. अंगणवाडीच्या मानधनावर घर चालतं हे तुम्ही लिहिलंय. अनेक हॅम स्वतः सोल्डरिंग करून कमी ताकदीचे सेट बांधतात, आणि शिकण्याच्या दृष्टीने तेच जास्त मोलाचं आहे. एकच गोष्ट पक्की पाळा: परवाना येण्याआधी ऑनलाइन वॉकीटॉकी मागवू नका, भाऊ-मामा भेट म्हणून देत असले तरी. परवान्याशिवाय तसा सेट बाळगणं हाच गुन्हा ठरू शकतो.

पोलीस चौकशी होते, आणि तिला घाबरायचं कारण नाही. पासपोर्टच्या वेळी जशी होते तशीच. पास झाल्यावरही प्रत्यक्ष परवाना यायला कित्येक महिने लागू शकतात. मुलं या वाट पाहण्यातच मोडतात, हे मला खरंच खटकतं. म्हणून वेळापत्रक असं ठेवा: नववीची परीक्षा संपली की मे महिन्यात पूर्ण तयारी, जूनच्या आत अर्ज, आणि दहावीचं वर्ष दहावीसाठी मोकळं. कागदपत्रं सरकारी टेबलावर फिरत असतील तोवर तिची दहावी होऊन जाईल.

पुढचा रस्ता निवडायची घाई आत्ता नको, पण दारं कुठे आहेत ते सांगतो. दहावीनंतर लातूरच्याच शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमा करता येतो. अकरावी-बारावी विज्ञान करून इंजिनिअरिंग किंवा भौतिकशास्त्र घेता येतं. राज्य पोलिसांचा बिनतारी संदेश विभाग आहे, तिथे या विषयाचीच माणसं लागतात. पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ नावाचा एक किलोहूनही हलका उपग्रह बांधला, तो २२ जून २०१६ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ रॉकेटने वर गेला, आणि त्याचं काम होतं हौशी रेडिओवाल्यांचे निरोप इकडून तिकडे पोचवण्याचं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना. तिथे २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला शाळांसाठी दारं उघडतात. सरांना सांगून वर्गाची सहल त्या दिवशी काढता आली तर पाहा. माझ्या दहा पानी पत्रापेक्षा ती एक अँटेना तिला जास्त सांगेल.

‘हे मुलांचं काम’ असं घरात कुणी म्हणतं, असंही तुम्ही लिहिलंत. डिसेंबर २००४मध्ये हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओचा गट पोर्ट ब्लेअरला हॅम स्टेशन चालवायला गेला होता. भारती प्रसाद, व्हीयू२आरबीआय, त्याच्या प्रमुख. २६ तारखेला त्सुनामी आली. अंदमानचा संपर्क तुटला आणि त्यांच्या त्याच सेटवरून लोकांची खुशाली मुख्य भूमीवर पोचू लागली. म्हणणाऱ्यांना एवढंच सांगा.

आता किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास, विसर्जन आटोपून गावं झोपलेली होती. हो ताई, तेव्हाही हे होतं. हॅम मंडळी सेट घेऊन भूकंपग्रस्त भागात आली आणि संदेशवहनाला हातभार लावला. पुढे १९९९च्या ओडिशाच्या चक्रीवादळात आणि २००१ला भूजमध्येही ती होती. या सेटला टॉवर लागत नाही, एक्स्चेंज लागत नाही. गाडीची बारा व्होल्टची बॅटरी आणि दोन खांबांमधली तार पुरते. मघाशी लेकीला हिशेब करायला सांगितला त्या सात मेगाहर्ट्झवर दिवसा दोन-चारशे किलोमीटरपर्यंत बोलता येतं. लहर जवळजवळ सरळ वर जाते आणि आभाळातल्या विद्युतभारित थरावरून खाली परतते, म्हणून मधल्या डोंगराचंही अडत नाही. तुमच्या अंगणातून पुणे किंवा हैदराबाद, एवढं ते अंतर.

तुम्ही तेव्हा सहा वर्षांच्या होता, आणि मामाच्या गावची खबर यायला तीन दिवस लागले, असं पत्रात आहे. ते तीन दिवस तिला एकदा सविस्तर सांगा. आणि वीस मीटरचा हिशेब झाला की तिच्याच अक्षरात मला पाठवायला सांगा, मी तपासून परत धाडतो.