लहान शाळांना शॉट क्लॉक हवं, पण सामना लांबवू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमची मुलगी अमेरिकेत जेमतेम सव्वाशे मुलांच्या हायस्कूलकडून बास्केटबॉल खेळते. तुमच्या राज्यात शॉट क्लॉक (बॉल हातात आल्यावर ठरावीक सेकंदांत शॉट घ्यायला लावणारं घड्याळ; नाही घेतला तर बॉल दुसऱ्या संघाला) आणायचं की नाही यावरून पालकांमध्ये आणि कोचमंडळींमध्ये दोन तट पडलेत. काही जण सामना ३२ ऐवजी ३६ मिनिटांचा करा म्हणतायत. एवढ्याशा शाळांना हे झेपेल का?

शॉट क्लॉक झेपेल, आणि ते यायलाच हवं असं माझं ठाम मत आहे. ३६ मिनिटांना मात्र माझा विरोध आहे.

मी आयोवातल्या एका छोट्या गावात राहतो आणि शाळेच्या सामन्यांना टेबलावर बसून हेच घड्याळ चालवतो. देशभरातल्या हायस्कूल खेळांचे नियम करणाऱ्या महासंघाने २०२१ मध्ये ठरवलं की २०२२-२३ च्या हंगामापासून ज्या राज्याला हवं त्याने ३५ सेकंदांचं शॉट क्लॉक लावावं. सक्ती नाही. त्याआधी कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स, दोन्ही डकोटा अशा मोजक्याच राज्यांत ते होतं. आयोवाने पहिल्याच हंगामात व्हर्सिटी, म्हणजे शाळेच्या मुख्य संघाच्या, सामन्यांना ते लागू केलं, आणि तेव्हा आमच्या गावातही हाच वाद रंगला होता.

विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा आधी घेतो. ते म्हणतात, कमकुवत संघाच्या हातातलं एकमेव हत्यार म्हणजे खेळ संथ करणं. शॉट क्लॉक तेच काढून घेतं. त्यांच्या बाजूने इंडियानाचं मायलन आहे. १९५४ मध्ये १६१ विद्यार्थ्यांची ही शाळा राज्याच्या अंतिम सामन्यात मन्सी सेंट्रल या बलाढ्य शाळेविरुद्ध उभी होती. शेवटच्या क्वार्टरमध्ये मायलन दोन गुणांनी मागे असताना बॉबी प्लंप चार मिनिटांहून जास्त वेळ बॉल हातात धरून नुसता उभा राहिला. पुढे त्याच्याच शेवटच्या शॉटवर मायलन ३२-३० ने जिंकलं. लहान शाळांच्या लोकांना ही गोष्ट तोंडपाठ असते, आणि मलाही ती मनापासून आवडते.

पण त्याच वर्षी एनबीए या व्यावसायिक लीगने २४ सेकंदांचं घड्याळ का आणलं तेही बघा. १९५० मध्ये फोर्ट वेन संघाने मिनियापोलिस लेकर्सना १९-१८ असं हरवलं होतं. बलाढ्य लेकर्सना रोखायला बॉल दाबून ठेवला आणि लोक वैतागले. सिराक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी हिशेब मांडला: रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० शॉट मारतात, सामना २८८० सेकंदांचा, म्हणजे शॉटमागे २४ सेकंद. पुढच्याच हंगामात संघामागची गुणांची सरासरी ७९ वरून ९३ वर गेली.

हाच हिशेब हायस्कूलला लावा. ३२ मिनिटं म्हणजे १९२० सेकंद. भागिले ३५, साधारण ५५. म्हणजे दोन्ही संघांनी प्रत्येक वेळी घड्याळ पार शेवटापर्यंत नेलं तरी प्रत्येकाच्या वाट्याला २७ संधी येतात. संथ खेळून बलाढ्य संघाच्या संधी कमी करणं आजही शक्य आहे, आणि चांगले कोच ते करतात. जात नाही ते संथ खेळणं. जातं ते चार-चार मिनिटं न खेळणं. मी पाहिलेल्या सामन्यांत बॉल दाबून ठेवणारा संघ बहुतेक वेळा दुबळा नसायचा, सहा-आठ गुणांनी पुढे असलेला असायचा. मागे पडलेल्या मुलींना मग सामन्याचं घड्याळ थांबवायला फाऊल करत सुटण्यावाचून इलाज नसायचा, आणि शेवटची तीन मिनिटं फ्री थ्रोच्या रांगेत संपायची. आता पुढे असलेल्या संघालाही शॉट घ्यावा लागतो. दहा गुणांची आघाडी असली तरी जीव भांड्यात पडत नाही. आणि नीट बचाव केला की त्याचं फळ मिळतं: ३४ सेकंद पाय न थांबवता डिफेन्स केलेल्या पाच मुलींच्या कानावर तो बझर पडतो तेव्हा जिममध्ये जो जल्लोष होतो, तो आधी कधी ऐकला नव्हता.

दुबळे संघ आणखी मोठ्या फरकाने हरतील, ही भीती खोटी नाही. पण त्याला वेगळा उपाय आहे. आमच्याकडे दुसऱ्या हाफमध्ये ३५ गुणांचा फरक पडला की सामन्याचं घड्याळ जवळपास न थांबता चालतं.

आता लांबीचं. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमध्ये १८ मिनिटांचे दोन हाफ खेळतात, त्यावरूनच ३६ चा आकडा येतो. मोठ्या शाळेत बेंचवर दहाजणी असतात, तिथे चार मिनिटं वाढली की चार मुलींना जास्त खेळायला मिळतं. सव्वाशे मुलांच्या शाळेत मात्र संघात आठ-नऊच जणी, त्यातल्या तीन-चार आधी ज्युनियर व्हर्सिटीचा, म्हणजे शाळेच्या दुसऱ्या फळीच्या संघाचा, सामना खेळून आलेल्या. एका मुलीने एका दिवसात किती क्वार्टर खेळायचे यावर अनेक राज्यांत मर्यादा आहे. लहान शाळांचे कोच हातात कागद घेऊन तो हिशेब जुळवत असतात. अशा ठिकाणी वाढीव चार मिनिटं बेंचवरच्या मुलीला मिळत नाहीत, त्याच पाच दमलेल्या मुलींच्या पायांवर पडतात. त्यात शॉट क्लॉकने खेळाचा वेग वाढलेला. दोन्ही बदल एकदम केले तर सगळ्यात जास्त ओढाताण लहान शाळांचीच होईल.

खर्चाबद्दल फार बोलत नाही. दोन्ही बोर्डांवर घड्याळं बसवायला काही हजार डॉलर लागतात, पण तो खर्च एकदाच होतो आणि बूस्टर क्लब (शाळेच्या खेळांसाठी पैसे जमवणारा पालकांचा गट) तो उभा करू शकतो. खरी अडचण आहे ती चालवणाऱ्या माणसाची. हे काम बाहेरून वाटतं त्यापेक्षा कठीण आहे. बॉल रिंगला लागला तर घड्याळ पुन्हा ३५ वर. रिंगला न लागता खाली आला आणि त्याच संघाने उचलला तर नाही. डिफेन्सचा नुसता हात लागला तर नाही, बॉल ताब्यात आला तर हो. हे सगळं क्षणात ठरवायचं, आणि तेव्हा अख्खं गाव तुमच्याकडे बघत असतं. मी पुण्यात शाळेत खेळायचो तेव्हा टेबलावरचे सर स्टॉपवॉच हातात धरून २४ सेकंद मोजायचे आणि शेवटचे आकडे मोठ्याने ओरडायचे, तेही चालायचं. यंत्र साधं असलं तरी निभावतं, माणूस सरावाचा लागतो.

म्हणून तुमच्या शाळेच्या बैठकीत किमतीआधी हे विचारा: मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री टेबलावर कोण बसणार? आपल्या लेकीचा खेळ बघायला आलेला बाप शक्यतो नको, त्याचं लक्ष रिंगवर राहत नाही. एखादे निवृत्त शिक्षक, एखादी माजी खेळाडू, अशी किमान दोन माणसं आताच ठरवा आणि उन्हाळ्यातल्या सराव सामन्यांत त्यांच्या हातात रिमोट द्या. ज्युनियर व्हर्सिटीला पहिलं वर्ष घड्याळ लावूच नका.