ल हाव्रला उतरलास की

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. परवा तुझ्या आईचा फोन आला होता. या कॉन्ट्रॅक्टला तुला साउदॅम्प्टनवरून सुटणारं जहाज मिळालंय आणि त्याच्या फेरीत फ्रान्सचं ल हाव्र बंदर आहे, असं कळलं. म्हणून बसलो लिहायला. फोनवर सांगितलं असतं तर तू 'हो काका, हो काका' करून विसरला असतास.

पहिली गोष्ट, पॅरिस डोक्यातून काढ. सकाळी गँगवेखाली पॅसेंजरांच्या बसेस उभ्या दिसतील, त्या पॅरिसला जातात. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन पाच-सहा तास रस्त्यातच. तुला दुपारच्या आणि रात्रीच्या ड्युटीमध्ये मिळणार तीन तास, फार तर चार. मीही पहिली काही वर्षं चरफडत बसलो, आणि ल हाव्रमध्ये काय पाहिलं तर एका कॅफेचं वायफाय.

आयपीएम, म्हणजे बंदरात जहाजावरच थांबायची पाळी, नसेल त्या दिवशी बंदराच्या तोंडाकडे चालत जा. तिथे चित्रांचं म्युझियम आहे. पाऊण तास धर. वाटेत सगळं काँक्रीट दिसेल, एका मापाचं, राखाडी. नाक मुरडू नकोस. सप्टेंबर १९४४ मध्ये ब्रिटिश विमानांनी हे शहर जवळजवळ सपाट केलं. जुनं म्युझियमही त्यातच गेलं. मग ऑग्युस्त पेरे या वास्तुरचनाकाराने काँक्रीटमध्ये गाव पुन्हा उभं केलं, आणि २००५ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटलं. समुद्राकडे तोंड करून जी काचेची इमारत दिसेल तेच म्युझियम. फ्रान्सचे तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांचं नाव दिलेलं, १९६१ मध्ये उघडलेलं. लोक त्याला नुसतं 'म्युमा' म्हणतात.

आता माझा मूर्खपणा ऐक. पहिल्यांदा गेलो तेव्हा पस्तीस मिनिटांत अख्खं म्युझियम 'उरकलं'. चित्र दिसलं की फोटो, की पुढचं. रात्री केबिनमध्ये फोन उघडला तर तिरक्या चौकटी, दिव्यांची चमक आणि दोन-तीन काचांत माझाच शर्ट. एक चित्र धड आठवेना. बुफेवर पहिल्यांदा आलेला पॅसेंजर ताट कसं भरतो ते तू रोज बघतोस, तसंच.

म्हणून सांगतो, फक्त बुदँ या चित्रकारासाठी जा. यूजेन बुदँ. सेन नदीच्या मुखाच्या समोरच्या काठावरच्या ओंफ्लर गावचा, जन्म १८२४, दर्यावर्द्याचा मुलगा. लहानपणी ओंफ्लर आणि ल हाव्रच्या मध्ये चालणाऱ्या बोटीवर हा पोऱ्या म्हणून कामाला होता. म्हणजे आपल्यातलाच, क्रू! तो गेल्यावर त्याच्या भावाने त्याच्या कामाच्या जागेतले दोनशेहून जास्त सरावाची चित्रं १९०० मध्ये या शहराला दिले. विकायला काढलेली चित्रं नव्हेत ही, हात बसवायला केलेली. कित्येक तर वहीच्या पानापेक्षा मोठी नाहीत. एका भिंतीवर नुसत्या गाई बघशील. पाठमोऱ्या, बसलेल्या, काही अर्ध्याच सोडलेल्या. एकीला पाय नाहीत, चौथा पाय काढायच्या आत ती हलली असणार. त्या गाईसमोर मी एकदा वीस मिनिटं उभा होतो. रखवालदार दोनदा येऊन बघून गेला.

मग त्याची आकाशं बघ. तीन भाग आभाळ, खाली बोटभर समुद्र. एक सांगतो, ते तुला जास्त कळेल. आकाशाची चित्रं काढताना हा माणूस कडेला तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवायचा. जहाजाच्या ब्रिजवर लॉगबुकात लिहितात तेच! ढग बघून वारा सांगणारी माणसं आपल्या मिरकरवाड्यातही आहेत, फक्त त्यांना कोणी रंग आणून दिले नाहीत. याच बुदँने ल हाव्रच्या एका पोरट्याला, लोकांची व्यंगचित्रं काढून विकणाऱ्याला, उघड्यावर नेऊन रंगवायला बसवलं. तो म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेला चित्रकार क्लोद मोने. मोनेचं ते सूर्योदयाचं प्रसिद्ध चित्र १८७२ चं, याच बंदराचं, पण ते इथे नाही, पॅरिसला आहे. इथे येऊन ते शोधत फिरणारे पॅसेंजर मी पाहिलेत.

वेळ उरलाच तर पिसारो या चित्रकाराची बंदराची दोन चित्रं बघ. १९०३ च्या उन्हाळ्यात म्हाताऱ्याने हॉटेलच्या खिडकीतून रंगवली, म्युझियमने लगेच विकत घेतली, आणि त्याच वर्षी तो गेला. द्युफी नावाचा चित्रकारही इथलाच. चौदाव्या वर्षी कॉफी आणणाऱ्या कंपनीत कारकून, आणि संध्याकाळी चित्रकलेचा वर्ग. बाकीचं राहू दे. राहिलं तर राहिलं, जहाज पुन्हा तिथे येणारच आहे.

मध्ये बस. काचेसमोर बसायला जागा शोध. चित्रातलं आभाळ आणि बाहेरचं आभाळ एकाच नजरेत येतं, आणि मधूनच एखादं मालवाहू जहाज त्या काचेतून सरकत जातं. घरी फोन लावायचा तर तिथून बाहेर पडल्यावर लाव. तोवर खिशात राहू दे.

मला फोटो पाठवू नकोस. तिकिटाच्या मागे तारीख, वेळ आणि वारा लिही, आणि कोणत्या चित्रासमोर उभा होतास ते. तिकीट जपून ठेव, सुट्टीवर येशील तेव्हा बघेन.

तुझा,
काका

ता. क. सोमवारी म्युझियम बंद असतं. निघण्याआधी वार बघ. मी एकदा ऐन पावसात त्या बंद काचेसमोर उभा राहून परत आलोय.