पहिला खर्डा त्याच्या भाषेत

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळालं, वह्यांचे फोटोही पाहिले. बारा मुलं, बारा वह्या आणि सगळीकडे तोच सूर्य डोंगराआड मावळतोय, तेच पक्षी घरट्याकडे परततायत. 'मुलांना कल्पनाच सुचत नाही की मला शिकवता येत नाही?' असं विचारतेस. दोन्ही नाही. मेळघाटात, धारणीकडच्या कोरकू आदिवासी मुलांकडून तू पहिलाच खर्डा मराठीत मागतेस, तिथे चुकतंय. पहिला खर्डा मुलाच्या भाषेत. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलीस तरी वाच.

कोरकू ही मराठीची बोली नाही, हे आधी मनात पक्कं कर. ती मुंडा या वेगळ्याच भाषाकुळातली, झारखंडकडच्या संथाळीच्या नात्यातली. तिच्यात नामांची विभागणी सजीव-निर्जीव अशी होते. मराठीसारखी तीन लिंगं नाहीत. म्हणून पोरगं 'आई बाजारात गेला' असं लिहितं आणि तू त्याभोवती लाल गोल काढतेस. अगं, आई बाई असते हे त्याला ठाऊक आहे! उलट त्याच्याकडे एक, दोन आणि अनेक अशी तीन वचनं आहेत. 'आम्ही' आणि 'आपण' हा आपला भेद त्याच्याकडेही आहे, पण दोघांसाठी निराळा आणि अनेकांसाठी निराळा. नदीवर दोघंच गेले होते की टोळकं, आणि ऐकणारा त्यात होता का, हे त्याचं एक सर्वनाम सांगून जातं. मराठीत दोघं की टोळकं हे हरवतं, 'आम्ही नदीवर गेलो' इतकंच उरतं. मग तू विचारायचंस, 'कोण कोण होतं?' गोष्ट तिथून सुरू होते.

तास चाळीस मिनिटांचा ठेव. गोलात बसा, बारापेक्षा जास्त मुलं नकोत. फळ्यावर विषय लिहू नकोस, मध्ये वस्तू ठेव. मार्च-एप्रिलात ओंजळभर मोहफुलं पुरतात. झाडाखालचा पाचोळा आधी का जाळतात, फुलं पहाटेच का वेचायची, पिवळसर फूल वाळलं की तांबूस तपकिरी कसं होतं, हे मुलांनी हातांनी शिकलेलं असतं. याच दिवसांत त्यांची गैरहजेरी लागते, आणि लिहिण्यासारखं जे काही असतं ते तिथेच घडत असतं.

पहिली दहा मिनिटं नुसतं बोलणं, कोरकूत. मग जोड्या लाव: धाकटा सांगेल, सातवी-आठवीतला लिहून घेईल. लिहिणाऱ्याला नियम एकच: तोंडातून आलं तसं, देवनागरीत, शुद्धलेखन न बघता. पाच-सहा वाक्यं झाली की थांबायचं आणि मोठ्यानं वाचून दाखवायचं. इथे सांगणारा बहुतेकदा चिडून म्हणतो, 'मी असं नव्हतो बोललो.' तिथे घाई करू नकोस. पुनर्लेखन शिकवायचं ते याच घडीला. मराठी दुसऱ्या दिवशी. त्यातही तीन-चार कोरकू शब्द तसेच राहू देत, ज्यांना मराठीत जोड सापडत नाही ते. अर्थ पुढच्या वाक्यातून कळू दे. दुरुस्ती एका वेळी एकाच जातीची. या आठवड्यात लिंग घेतलंस तर ऱ्हस्व-दीर्घाला हात लावायचा नाही.

आणि तात्पर्य जोडू नकोस. त्यांच्या गोष्टीत वाघ येतो, बसतो, निघून जातो आणि गोष्ट संपते. आपल्याला ती अर्धवट वाटते, कारण आपले कान पाठ्यपुस्तकात वाढले.

एका बाबतीत मात्र मी फार कडक आहे. मेळघाट म्हटलं की बाहेरच्या माणसाला कुपोषणच आठवतं. पाहुणे येतात, मुलांना घरातलं दुःख लिहायला लावतात आणि त्याच वहीचं कौतुक करतात. दुसऱ्या आठवड्यात साऱ्या वर्गाच्या घरात कुणी ना कुणी आजारी असतं. मुलानं आपणहून सांगितलं तर जिवाचे कान करून ऐक. मागू नकोस. ते गप्प झालं तर विषय बदल. छापायचं असेल तर त्याला आणि घरच्यांना वाचून दाखवून विचार.

संध्याकाळच्या बायकांच्या वर्गाला हे जसंच्या तसं लावू नकोस. मुलाला वाटतं आपल्याला मराठी येत नाही. बाईला वाटतं आपल्याकडे सांगण्यासारखंच काही नाही. तिला 'तुमच्या भावना लिहा' म्हटलंस तर ती पदर सावरून गप्प बसेल. हातांबद्दल विचार: भाकरी थापताना पीठ चिरतं ते का? पेन पहिले चार-पाच तास तुझ्याच हातात असू दे, वाक्य तिचं. बहिणाबाई चौधरींना (1880-1951) लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या घरातल्यांनी उतरवून घेतल्या, आणि त्यांच्या निधनानंतर 1952 साली त्या पुस्तकात आल्या. उतरवताना कुणी त्या बोलीची प्रमाण मराठी करून टाकली असती, तर आपल्या हाती काय लागलं असतं?

मी कित्येक वर्षं नेमकं तेच करत होते. लाल पेनानं. त्या वह्यांमधले शब्द आता कुठून आणू? म्हणून आज मला कुणी हेकट म्हटलं तरी मी हलत नाही. 'मग मुलांना मराठी यायची कधी?' हा प्रश्न तुलाही विचारतील. मराठी येईलच, आणि चांगली येईल, कारण मुलाकडे मराठीत सांगण्यासारखं काहीतरी तयार असेल. पहिला खर्डा त्याच्या भाषेत, मग मराठी. क्रम उलटा केलास की तोच सूर्य पुन्हा डोंगराआड जाणार.

तपासणीची भीती असेल तर जोडपानं कर: डावीकडे कोरकू, उजवीकडे मराठी, दोन्हीवर तारीख. विचारणाऱ्याला उजवं पान दाखव. मला फोटो पाठवशील तेव्हा डावंही पाठव, आणि ते मुलाकडूनच वाचून घेऊन त्याचा आवाज पाठव.