बाई, दोरा कशाला लागला?

प्रश्न : ग्रीक गोष्टीत थिसियस भूलभुलैयात शिरतो, बैलाच्या डोक्याच्या मिनोटॉर राक्षसाला मारतो आणि राजकन्या अरियाडनीनं दिलेला दोरा धरून बाहेर येतो. पण जुन्या नाण्यांवरचा भूलभुलैया बघितला तर त्यात एकच वाट दिसते, फाटा कुठंच नाही. मग दोरा कशाला लागला? (एक वाचक, मिरज)

बोट फिरवून बघितलंत ना? पैकीच्या पैकी मार्क. बहुतेक जण नुसतं बघतात आणि "बापरे, केवढं अवघड" म्हणून पान उलटतात.

बत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे बोलायच्या आधी काढून दाखवायची खोड जात नाही. कागद घ्या. मधोमध अधिकचं चिन्ह काढा. त्याच्या चारही खणांत एकेक काटकोन, कोपरा आत आणि हात बाहेर. चार कोपऱ्यांत चार टिंबं. आता अधिकचं वरचं टोक शेजारच्या उजव्या काटकोनाच्या वरच्या टोकाला कमानीनं जोडा. मग डावीकडचं पुढचं टोक, त्या कमानीवरून, उजवीकडच्या पुढच्या टोकाला. असंच करत खाली या. आठ कमानी झाल्या की सात फेऱ्यांची वाट तयार. ठिपक्यांच्या रांगोळीचा हात असेल त्याला दोन मिनिटांचं काम.

इतकं सोपं म्हणूनच ते इतकं जुनं आहे. ग्रीसमधल्या पायलॉसच्या राजवाड्यात मातीची एक पाटी सापडली, इसवी सनापूर्वी साधारण 1200 ची. पुढच्या बाजूला शेळ्यांचा हिशेब आणि मागे हीच आकृती, चौकोनी. कारकून कंटाळला असणार! पुढे राजवाड्याला आग लागली, पाटी भाजून निघाली आणि त्याचं गिरगटणं आपल्यापर्यंत पोचलं. इटलीतल्या पाँपेईतही एका खांबावर कुणीतरी भूलभुलैया ओरखडून शेजारी लिहिलंय, इथे मिनोटॉर राहतो. बाकांवर करकटकानं कोरणारी माझी पोरं आठवली.

तुम्ही म्हणता ती नाणी क्रीट बेटावरच्या नॉसॉसची. तिथं आर्थर एव्हान्स या इंग्रज पुरातत्त्वज्ञानं 1900 पासून खणलं तर खोल्या, बोळ आणि जिन्यांचा प्रचंड राजवाडा निघाला, भूलभुलैया निघाला नाही. माझं मत विचाराल तर चित्र काढणारा आणि गोष्ट सांगणारा एका पंगतीला कधी बसलेच नाहीत. गोष्टीला माणूस हरवायला हवा होता, म्हणून दोरा आला. चित्राला हाताशी असलेली खूण पुरेशी होती. आपण घर काढतो तेव्हा दोन डोंगर आणि मधे सूर्य काढतोच की, आपल्या दारातून तो कधी तसा दिसला नाही तरी. युरोपात फाटे फुटलेले भूलभुलैये कागदावर यायला 15 वं शतक उजाडावं लागलं.

मात्र एकच वाट म्हणजे सोपी वाट, असं समजू नका. फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलच्या फरशीवर 13 व्या शतकातलं असं चक्र आहे. व्यास जेमतेम 13 मीटर, वाट 260 मीटरच्या वर. मध्य हाताच्या अंतरावर येतो आणि वाट तुम्हाला पुन्हा कडेला नेऊन टाकते. मी एकदा शाळेच्या मैदानावर चुन्यानं सात फेऱ्यांचं चक्र आखलं. पाचवीची पोरं ओळीनं आत सोडली. तिसऱ्या फेरीत वाट मध्यापासून लांब जायला लागली तशी एकानं रेघा ओलांडून थेट मध्यात उडी मारली. ओरडले तर म्हणतो, "बाई, भिंत कुठाय?" उत्तर सुचलं नाही. अजूनही नीटसं सुचलेलं नाही.

प्रश्न : महाभारतातला चक्रव्यूह म्हणजे भूलभुलैयाच का? (एक वाचक, फोंडा)

नाही. तो सैन्याचा व्यूह. भिंतींचा नाही, माणसांचा. भिंत जागची हलत नाही. व्यूह तुमच्या मागे मिटतो. अभिमन्यू वाट चुकला नव्हता. तो आत शिरला आणि त्याच्या मागून येणाऱ्या पांडवांना जयद्रथानं तोंडाशीच अडवलं. गर्भात ऐकता ऐकता सुभद्रेला झोप लागली ही गोष्ट आपण सगळ्यांनी आजीकडून ऐकलीय, पण द्रोणपर्वात अभिमन्यू स्वतः साधंच सांगतो: वडिलांनी भेदायला शिकवलं, बाहेर पडायला नाही. मला हे जास्त लागतं. झोपेला दोष देता येतो, अर्धवट राहिलेल्या शिकवणीला काय म्हणणार?

दोन्हींची गल्लत मात्र आजची नाही. कर्नाटकातल्या हळेबिडूच्या होयसळेश्वर मंदिरात, म्हणजे 12 व्या शतकात, शिल्पकारानं चक्रव्यूह कोरताना सैन्याच्या रांगांना वळणावळणाच्या चक्राचाच आकार दिला. आणि तुम्ही फोंड्याचे, म्हणजे गोव्याच्याच सांगे तालुक्यातलं पणसायमळ तुम्हाला जवळ. कुशावतीच्या काठी जांभ्या दगडावर बैल, हरणं आणि त्यांच्यात एक मोठं गोल चक्र. सकाळी लवकर जा. ऊन तिरपं असलं की खोदीव रेघा उठून दिसतात, बारा वाजता नुसता तांबडा दगड.

प्रश्न : उजवा हात भिंतीला लावून चाललं की कुठल्याही भूलभुलैयातून सुटका होते म्हणतात. खरं? (दोन मित्र, नाशिक)

'कुठल्याही' खोडा. सगळ्या भिंती एकमेकींना जोडलेल्या असतील तर तुम्ही दाराशी परत येता, हे नक्की. इंग्लंडच्या हॅम्प्टन कोर्टमधल्या कुंपणाच्या भूलभुलैयात ही युक्ती चालते. पण मध्याभोवतीची भिंत सुटी, बेटासारखी ठेवली तर हात लावून तुम्ही बाहेरच्या बाहेरच फिरत राहता. इंग्लंडमधल्याच चेव्हनिंगचा भूलभुलैया मुद्दाम असा रचलाय.

लखनौच्या बड्या इमामबाड्यात तर हे डोक्यातूनच काढा, तिथं जिने मधे येतात. गाईड 489 सारखे दरवाजे सांगतो, मी मोजले नाहीत. गंमत अशी की ती रचना कुणाला हरवायला केलेलीच नाही. 1784 च्या दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून नवाब आसफउद्दौलानं हा इमामबाडा बांधायला काढला. खालच्या दालनाला एकही खांब नाही, तुळई नाही. एवढ्या छताचं ओझं हलकं करायला वरचं बांधकाम पोकळ बोळांचं केलं.

प्रश्न : सिनेमातला तुमचा आवडता भूलभुलैया? (एक वाचक, ठाणे)

कुब्रिकचा 'द शायनिंग', 1980. मूळ कादंबरीत भूलभुलैया नाहीच, झुडपं कातरून केलेले प्राणी आहेत. सिनेमात बर्फात पळणाऱ्या पोराच्या पावलांचे ठसे हाच दोरा, पण तो राक्षसाच्या, म्हणजे वेड लागलेल्या बापाच्या, हाती लागलेला. पोरगा काय करतो? आपल्याच ठशांवर पाय ठेवत उलटा चालतो आणि बाजूला उडी मारतो. दोरा तुटतो. (बघितला नसेल तर सॉरी, पंचेचाळीस वर्षं वाट पाहिली मी.)

आणि दुसरा, ज्यात एकही भिंत नाही: 'अर्धसत्य', 1983. कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा तेंडुलकरांची. ओम पुरी स्मिता पाटीलसमोर बसून दिलीप चित्र्यांची चक्रव्यूहावरची कविता वाचतो. वाचायला सुरुवात करतो तेव्हा पुस्तकातलं काहीतरी वाचणारा माणूस असतो. शेवटच्या ओळींपर्यंत त्याचा चेहरा बदललेला असतो. तेवढं दृश्य पुन्हा लावून बघा, आवाज बंद करून.