पूर्वग्रह शोधायचाय? आधी स्वतःचा तास मोजा

नव्याने शिकवताना ‘माझ्या शिकवण्यात काही मुलांबद्दल पूर्वग्रह आहे का, तो कसा ओळखू?’ हा प्रश्न पडला, हे उत्तमच. पण लगेच पाठ्यपुस्तकावर तुटून पडू नका.

वर्गाच्या हजेरीपटाची प्रत घ्या. आठवडाभर ज्याला प्रश्न विचाराल त्याच्या नावापुढे खूण करा: सोप्यासाठी ‘सो’, विचार करायला लावणाऱ्यासाठी ‘वि’. कोरी राहिलेली नावं तर बघाच, पण नुसते ‘सो’ मिळालेली जास्त बारकाईने बघा. त्यांच्याकडून आपली अपेक्षाच कमी असते.

- प्रश्नानंतर निदान 3 सेकंद थांबा. घाई केली की पटकन हात वर करणाराच ‘हुशार’ ठरतो.
- पेपर नावं झाकून तपासा. सगळ्यांचा पहिला प्रश्न संपल्यावरच दुसरा घ्या. नाहीतर पहिल्या उत्तरावरून झालेलं मत पुढच्या गुणांत उतरतं.

नेहमीची चूक म्हणजे ‘ती मुलं बोलतच नाहीत’ म्हणून मोकळं होणं. आधी त्यांना ‘वि’ प्रश्न द्या.