कायद्याचं विचारा : फरशीवाल्याचा गुडघा आणि क्लेमचा हिशोब

प्रश्न : ताई नमस्कार, माझे मिस्टर फरशी बसवायचं काम करतात, वय ३४. चार महिन्यांपूर्वी सातारा रोडला मागून कारने उडवलं, ते बाईकवर होते, पायात रॉड टाकलाय आणि गुडघा वाकतच नाही. सिव्हिलने ४० टक्के अपंगत्वाचा दाखला दिलाय. आता कारवाल्याचा माणूस घरी येतोय, दोन लाख घ्या, सही करा आणि मिटवा म्हणतो. आमच्याकडे पगाराची स्लिप नाही की आयटीआर नाही. आणि हॉस्पिटलचं बिल माझ्या ऑफिसच्या मेडिक्लेममधून गेलं, मग ते मागता येतं का?

उत्तर : ताई, सही अजिबात करू नका. गंभीर दुखापतीला चूक कोणाची हे सिद्ध न करताही मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ मध्ये अडीच लाख मिळतात, म्हणजे तो माणूस त्याच्याहूनही कमी देऊ करतोय. पण ते अडीच लाखही घाईने घेऊ नका, कारण ते स्वीकारले की कलम १६६ चा, म्हणजे कारवाल्याची चूक दाखवून पूर्ण नुकसानभरपाई मागायचा, मोठा दावा संपतो, आणि तुमचा खरा हक्क तिथेच आहे.

हिशोब बघा. महिना १५ हजार कमाई धरली तर वर्षाचे १ लाख ८० हजार, ४० च्या आतल्या हातावर पोट असलेल्या माणसाला पुढच्या वाढीचे ४० टक्के धरतात, झाले २ लाख ५२ हजार, आणि ३४ वयाला मल्टिप्लायर, म्हणजे वयानुसार ठरलेला गुणायचा आकडा, १६, म्हणजे ४० लाख ३२ हजार. आता याच्या ४० टक्के द्यायचे की सगळे? भांडण इथे आहे. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की दाखल्यावरचा टक्का म्हणजे कमाईचं नुकसान नव्हे, त्या माणसाला त्याचं काम करता येतंय का ते बघायचं. टेबलावर बसून काम करणाऱ्याचा गुडघा आखडला तर नोकरी टिकू शकते, पण फरशीवाल्याला दिवसभर उकिडवं बसून लेव्हल बघत फरशी ठोकायची असते, गुडघा वाकत नाही म्हणजे धंदाच बसला. हे डॉक्टरांना साक्षीत बोलायला लावा, नुसता दाखला जोडून भागत नाही. दाखल्याचे ४० टक्केच धरले तरी १६ लाखांच्या वर जातात, आणि उपचार, वेदना, तुम्ही कामावर सुट्ट्या टाकून केलेली सेवा हे सगळं वेगळं.

आयटीआर नसला तरी घाबरू नका. ज्या ठेकेदाराकडे कामं केली त्याची साक्ष, फोनपेवर आलेले पैसे, मजुरीची वही, जे आहे ते सगळं काढा, काहीच नसेल तरी कोर्ट अंदाजाने कमाई धरतं.

मेडिक्लेमचं म्हणाल तर मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये सांगितलंय की ती रक्कम नुकसानभरपाईतून कापायची नाही, तुम्ही हप्ते भरून कमावलेला तो हक्क आहे. म्हणून बिलं आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा.

मुदत मात्र अपघातापासून सहा महिन्यांची आहे, तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं असलं तरी त्या भरवशावर राहू नका, तुमच्या हातात दोनच महिने आहेत. दावा तुम्ही राहता त्या भागातल्या क्लेम कोर्टातही लावता येतो, अपघात झाला तिथेच जायला पाहिजे असं नाही. पोलीस स्टेशनमधून एफआयआर, पंचनामा आणि कारच्या इन्शुरन्सची कॉपी या आठवड्यातच काढा. आणि मिळालेल्या रकमेत टक्का मागणारा वकील भेटला तर दुसरा बघा, टक्केवारीवर फी घ्यायला वकिलांना मनाई आहे.