कपाटातल्या कॅसेटी आणि राहून गेलेली गाणी

मागच्या अंकात ह्या पानावर मी हेवी मेटल बँडच्या रेअरिटीज अल्बमबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, म्हणजे न आलेली, इकडेतिकडे विखुरलेली, डेमोवरच, म्हणजे कच्च्या रेकॉर्डिंगवरच, राहिलेली गाणी एकत्र करून काढतात ते संग्रह. त्यावर आपल्या नाशकातूनच इतकी पत्रं आली की ह्यावेळी दुसरा विषयच घेत नाही.

प्रश्न : दादा, मेगाडेथ, मेटालिका, आयर्न मेडन ह्यांचे मेन अल्बम सगळे ऐकून झालेत. आता ते बी-साईड (एका गाण्याच्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूचं गाणं), डेमो, अनरिलीज्ड असं काय काय दिसतं. मित्र म्हणतो जी गाणी चांगली नव्हती म्हणून अल्बममधून काढली तीच परत विकतात. खरंय का? आणि ऐकायचं तर कुठून सुरू करू?
– वय २१, कॉलेज रोड

उत्तर : मित्राचं थोडंच बरोबर आहे. गाणं बाहेर राहायला खूप कारणं असतात आणि ते वाईट होतं हे त्यातलं एकच. कधी रेकॉर्डवर जागाच नसते, कधी ते एखाद्या पिक्चरसाठी केलेलं असतं म्हणून बँडच्या अल्बमवर येतच नाही, कधी गाणारा माणूसच बँड सोडून जातो.

मेगाडेथचं ‘हिडन ट्रेझर्स’ घे, १९९५ चं. त्यात ‘शॉकर’, ‘सुपर मारिओ ब्रदर्स’, ‘लास्ट अ‍ॅक्शन हिरो’ असल्या पिक्चरच्या साउंडट्रॅकवरची गाणी आहेत आणि ब्लॅक सॅबथ ह्या बँडला मानवंदना म्हणून निघालेल्या अल्बमवरचं एक आहे. आता तू विचार कर, त्या काळात नाशकात बसून हे सगळे साउंडट्रॅक वेगवेगळे कुठून मिळवणार होतास? मेनरोडला कॅसेट भरून देणाऱ्याकडे जायचं, यादी द्यायची आणि आठ दिवसांनी ‘ह्यातली दोनच मिळाली’ असं ऐकायचं. अशा वेळी एकाच कॅसेटमध्ये सगळं मिळणं म्हणजे काय होतं ते तुमच्या पिढीला कदाचित नाही कळणार, पण अशा संग्रहाला पैसे काढायचा प्रकार म्हणणं मला पटत नाही.

दुसरं उदाहरण सिस्टम ऑफ अ डाउन ह्या बँडचं. २००१ च्या ‘टॉक्सिसिटी’ अल्बमच्या वेळची उरलेली गाणी, तीही अर्धीकच्ची, कुणीतरी इंटरनेटवर फोडली आणि ती जगभर फिरायला लागली. बँडला ते झोंबलं, कारण लोक अपुरं काम ऐकत होते. मग त्यांनी तीच गाणी नीट पूर्ण केली आणि २००२ मध्ये ‘स्टील धिस अल्बम’ नावाने काढली, कव्हर कसं तर कोऱ्या सीडीवर मार्करने हाताने नाव लिहिल्यासारखं. आपल्याकडेही तेव्हा सायबर कॅफेतून गाणी उतरवून सीडीवर असंच मार्करने लिहायचो. आणि ही उरलीसुरली गाणी नाहीत असं बँडने तेव्हा ठामपणे सांगितलं होतं. ऐकलंस की तुलाही पटेल.

सुरुवात मात्र मेटालिकाच्या ‘बियॉन्ड मॅग्नेटिक’ पासून कर. २००८ च्या ‘डेथ मॅग्नेटिक’ मधून बाहेर राहिलेली फक्त चार गाणी आहेत, बँडला तीस वर्षं झाली तेव्हा डिसेंबर २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कार्यक्रमांच्या वेळी आधी फॅन क्लबवाल्यांना दिली आणि मग सगळ्यांसाठी काढली. मूळ अल्बमवर लोकांची मोठी तक्रार होती की आवाज इतका दाबून मोठा केलाय की कान शिणतात. ही चार गाणी कच्च्या मिक्सवरच (सगळी वाद्यं एकत्र जुळवलेल्या आवाजाच्या पहिल्या रूपावर) ठेवलीत, शेवटची रंगसफेदी केलेली नाही. मूळ अल्बम आणि हे एकामागोमाग एक ऐक. बँड स्टुडिओत वाजवतो ते आणि आपल्यापर्यंत पोचतं ते, ह्याच्यामध्ये किती हात फिरतात हे तुला ते ऐकताना कळेल, मी चार पानं लिहून कळणार नाही.

मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा, ‘बेस्ट ऑफ’ मध्ये तीच पंधरा गाणी परत घालून शेवटी एक न आलेलं गाणं चिकटवतात. ते घेऊ नकोस.

प्रश्न : १९९८ ते २००२ आमचा बँड होता, सातपूरला एका मित्राच्या वडिलांच्या वर्कशॉपमध्ये रविवारी सुट्टी असायची तेव्हा प्रॅक्टिस करायचो. स्वतःची नऊ-दहा गाणी होती, अल्बम कधी निघाला नाही. चौदा कॅसेटी आणि तीन सीडी माझ्याकडे आहेत. आमचा ड्रमर गेल्या वर्षी गेला. त्याच्या मुलीने बाबांना वाजवताना कधी ऐकलंच नाहीये, तिच्यासाठी आणि आम्हा सगळ्यांसाठी एक संग्रह करायचाय. काही कॅसेटींवर पांढरं आलंय. एक कॅसेट तर पार बिघडलीये, एका बाजूला सगळं हळू आणि जाड आवाजात वाजतं, दुसऱ्या बाजूला उलटं ऐकू येतं. ती टाकून द्यावी का? कुणीतरी सांगितलं की जुन्या टेप ओव्हनमध्ये भाजतात, ते करू का?
– सिडको

उत्तर : ती कॅसेट अजिबात टाकू नका. हे आधी सांगतो कारण तुमचं पत्र वाचताना मी त्या वाक्यावर थांबलो आणि परत वाचलं. तुमच्या वर्णनावरून ती बिघडलेली नसावी, फोर-ट्रॅकवर रेकॉर्ड केलेली असावी. तेव्हा छोटी फोर-ट्रॅक मशीन मिळायची, साधीच कॅसेट घालायची पण त्यातली बरीच मशीन फीत दुप्पट वेगाने पळवायची आणि फितीच्या दोन्ही बाजूंच्या मिळून चार पट्ट्या एकाच दिशेने वापरायची. म्हणून आपल्या घरच्या डेकवर पहिल्या बाजूला दोन ट्रॅक हळू ऐकू येतात आणि कॅसेट उलटली की उरलेले दोन हळू आणि उलटे. ह्याचा अर्थ कळतोय का तुम्हाला, त्या कॅसेटवर वाद्यं वेगवेगळी ठेवलेली आहेत. तुमच्या मित्राचे ड्रम्स एका पट्टीवर एकटे मिळायची चांगली शक्यता आहे.

तसलं मशीन कुणाकडे चालू मिळालं तर उत्तमच, कारण काहींमध्ये डीबीएक्स नावाची आवाजाची खरखर कमी करायची सोय असायची आणि ती वाजवतानाही तशीच लावावी लागते. नाही मिळालं तरी काम होतं. दोन्ही बाजू साध्या चांगल्या डेकवरून कॉम्प्युटरवर घ्या, वेग दुप्पट करा, दुसरी बाजू सॉफ्टवेअरमध्ये उलटी करा आणि चारही ट्रॅक एकाखाली एक जुळवा. ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात हे सगळं होतं. गाणं पुढे जाईल तसे ट्रॅक थोडे सरकतील कारण डेकचा वेग कधी अगदी सारखा नसतो, ते मधेमधे हाताने जुळवत बसावं लागेल. वेळ जाईल. द्या तो वेळ.

भाजायचं मात्र डोक्यातून काढून टाका. ते मोठ्या स्टुडिओच्या रिळांसाठी असतं, सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही रिळांमध्ये लोहकण धरून ठेवणारा जो चिकट थर असतो तो हवेतला ओलावा शोषतो आणि वाजवताना हेडवर (फीत जिथे घासत जाते आणि आवाज वाचला जातो त्या भागावर) निघून येतो, म्हणून जाणकार माणसं अशी रीळ पन्नास-पंचावन्न डिग्रीला काही तास कोरडी करून लगेच कॉपी करतात. साध्या कॅसेटला सहसा हा आजार नसतो, आणि ओव्हनमध्ये प्लास्टिकचं कवच वाकलं तर हातचंही जाईल.

पांढरं आलंय ती बुरशी आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडची बंद कपाटं म्हणजे तिला आयतंच घर. त्या कॅसेटी बाकीच्यांपासून वेगळ्या करा, डेकमध्ये तशाच घालू नका कारण बुरशी हेडवरून पुढच्या कॅसेटवर जाते. कोरड्या हवेत ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या घालून डब्यात बंद करा, आणि साफ करताना तोंडाला मास्क लावा. कवच स्क्रूचं असेल तर उघडून फीत नव्या कवचात बसवता येते. स्क्रूचं नसेल तर हे काम ज्याने आधी केलंय अशाच माणसाकडे द्या.

चांगल्या दिसणाऱ्या कॅसेटीसुद्धा थेट वाजवू नका. आधी कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे टॅब तोडा म्हणजे चुकून त्यावर काही रेकॉर्ड होणार नाही. हे मी जीव तोडून सांगतो. आमच्या कॉलेजच्या ग्रुपची एकुलती एक कॅसेट मी एका ओळखीच्याला ऐकायला दिली, टॅब तोडलेले नव्हते, आणि ती परत आली तेव्हा तिच्यावर हळदीची गाणी होती. पंचवीस वर्षं झाली, अजून वाईट वाटतं.

मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवून फीत सैल करा. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मोबाईल रिपेअरवाल्यांकडे असतं ते. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, तो अगदी किंचित फिरवत ऐका आणि सिंबलचा, म्हणजे ड्रम्सच्या धातूच्या थाळ्यांचा, आवाज सगळ्यात स्वच्छ येईल तिथं थांबा, प्रत्येक कॅसेटला हे वेगळं करावं लागतं कारण तेव्हा कुठल्या डेकवर भरली होती कुणास ठाऊक. डॉल्बी (ही पण खरखर कमी करायचीच सोय) लावून भरली असेल तर डॉल्बी लावूनच वाजवा. डेकच्या मागच्या लाईन-आउटमधून वायरने कॉम्प्युटरवर घ्या, समोर फोन धरून नाही. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला वेव्ह फाइल ठेवा, एमपी३ नंतर कधीही करता येते.

आणि कॅसेटींच्याही आधी त्या तीन सीडी कॉपी करा, आजच. घरी भरलेल्या सीडीत माहिती एका रंगद्रव्याच्या थरावर असते, तो थर हळूहळू उडतो आणि एक दिवस सीडी काही न सांगता बंद पडते. कॅसेट निदान खरखर करत का होईना, वाजत राहते.

आता संग्रहाचं. सगळं घालू नका, पण सफाईही फार करू नका. मूळ फाइल जशी आली तशी एक प्रत कायम बाजूला ठेवा, खरखर कमी करायची ती दुसऱ्या प्रतीवर आणि तीही थोडीच, कारण ती काढता काढता सिंबलची शेपटी पण कापली जाते. ड्रम्सवर सॅम्पल, म्हणजे दुसरीकडचे तयार आवाज, चढवू नका. चुकलेला टेक (एका दमात केलेलं रेकॉर्डिंग) असेल आणि त्याच्या आधी तुमचा मित्र काठ्या आपटून वन-टू-थ्री-फोर म्हणतोय असं असेल, तर मी बिनचूक टेक सोडून तो घेईन. त्याच्या मुलीला त्याचा आवाज मिळेल.

प्रत्येक गाण्याखाली लिहा : कधी, कुठे, कोण वाजवत होतं, कशावर रेकॉर्ड केलं. वर्कशॉपमध्ये लेथच्या बाजूला ड्रम्स ठेवले होते की कुठे, हे पण लिहा. ह्या गोष्टी आत्ता तुम्हाला पाठ आहेत म्हणून लिहायच्या राहतात. आणि प्रती जपा, आयर्न मेडनचं बघा ना. १९७८ च्या अगदी शेवटच्या दोन दिवसांत त्यांनी केंब्रिजच्या एका स्टुडिओत चार गाणी रेकॉर्ड केली, मास्टर टेप विकत घ्यायला पन्नास पाउंड हवे होते ते नव्हते, दोन आठवड्यांनी पैसे घेऊन गेले तर टेप पुसलेली होती. जी कॉपी हातात होती तिच्यावरून १९७९ मध्ये तीन गाण्यांची ‘द साउंडहाउस टेप्स’ निघाली, ५ हजार प्रती. एवढ्या मोठ्या बँडची सुरुवात आज आपल्याला ऐकायला मिळते ती त्या एका कॉपीमुळे. तुमच्या चौदा कॅसेटीपण तशाच आहेत. तीन ठिकाणी ठेवा फाइल्स, आणि त्यातलं एक ठिकाण तुमच्या घराबाहेरचं असू द्या.

प्रश्न : आमच्या जुन्या गायकाने बँड सोडला, नव्या गायकाने तीच गाणी परत गायली. जुनी रेकॉर्डिंग आता काढायचीत, जुना गायक परदेशात आहे, मेसेजला उत्तर देत नाही. शिवाय तीन कव्हर, म्हणजे दुसऱ्यांची गाणी आम्ही वाजवलेली, आहेत. चालेल का?
– इंदिरानगर

उत्तर : उत्तर येईपर्यंत थांबा. आपल्या कायद्यात गाण्याचे शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग ह्यांचे हक्क वेगवेगळे आहेत आणि गाणाऱ्याचा स्वतःचा हक्क आणखी वेगळा. पैसे तुम्ही भरले म्हणून त्याचं म्हणणं संपत नाही. त्याच्या घरच्यांमार्फत विचारा, नाव आणि वाटा दोन्ही लिहून द्या. कव्हरसाठी कायद्यात परवान्याची वाट आहे पण त्यात वर्षाला किमान ५० हजार प्रतींची रॉयल्टी धरतात, तुमच्या शंभर सीडींना ते झेपणार नाही, तेव्हा मूळ हक्कदाराशी बोला नाहीतर ती तीन गाणी वगळा.

आणि जुनं व्हर्जन पुसू नका, कितीही भांडण झालेलं असू द्या. ब्लॅक सॅबथचा ‘द इटर्नल आयडल’ अल्बम आधी रे गिलनच्या आवाजात झाला होता, तो बँड सोडून गेला म्हणून टोनी मार्टिनने परत गायला आणि १९८७ मध्ये तो निघाला. गिलनचं व्हर्जन २०१० मध्ये अधिकृतपणे आलं, तोवर गिलनचा मृत्यू होऊन बरीच वर्षं झाली होती. दोन्ही ऐकण्यासारखी आहेत.

प्रश्न : मुलगा नोकरीसाठी बाहेर असतो. त्याच्या खोलीत दोन खोकी भरून कॅसेटी आहेत, ते हेवी मेटल का काय ते. दिवाळीची साफसफाई काढलीये, भंगारवाल्याला देऊ का?
– नाशिकरोड

उत्तर : काकू, नका देऊ. आधी खोकी उघडून छापील कव्हरच्या कॅसेटी एकीकडे आणि हाताने नाव लिहिलेल्या दुसरीकडे करा. छापील परत कुठेतरी मिळतील. हाताने लिहिलेल्या बऱ्याचदा मित्रांनी एकमेकांना भरून दिलेल्या असतात, नाहीतर त्यांनी स्वतः वाजवलेलं असतं, आणि त्याची दुसरी प्रत नसते. मेटालिकाचा १९८२ चा डेमो असाच हाताहाताने कॉपी होत जगभर गेला होता, अल्बम निघायच्या आधी, आणि २०१५ मध्ये बँडने तो परत कॅसेटवरच काढला. दुसऱ्या ढिगाचे फोटो काढून मुलाला पाठवा. त्याचा फोन येईपर्यंत खोकी माळ्यावर टाकू नका, तिथं पत्र्याखाली उन्हाळ्यात फार तापतं, पलंगाखालीच राहू द्या.